तुम्ही विचारलंत म्हणून: अल ग्रीन, कण्या आणि चर्च

मेम्फिसला राहतो म्हटलं की पुण्याहून आलेला पाहुणा आधी एल्विसचं घर विचारतो, मग माझं रेकॉर्ड्सचं कपाट बघून दुसरा प्रश्न ठरलेला: अरे, हा अल ग्रीन, एवढा टॉपचा सोल सिंगर, सगळं सोडून देवाची गाणी का गायला लागला? आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच, "ते ग्रिट्सचं झालं म्हणूनच ना?"

या उत्तरात वाल्याचा वाल्मिकी होतो ना, म्हणून आवडतं सगळ्यांना. मलाही आवडायचं. वर्षानुवर्षं मीच रंगवून सांगत आलोय.

ऑफिसात एकदा लंचला हाच किस्सा चालू होता. १८ ऑक्टोबर १९७४, ग्रीन बाथरूममध्ये, मैत्रीण येते आणि उकळत्या ग्रिट्सचं भांडं त्याच्या अंगावर ओतते. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, तर "नाश्ताच अंगावर आला बिचाऱ्याच्या" असा माझा एक पंच होता, तो मी टाकला. दोघंतिघं हसले. समोर आमच्या टीममधली रिटायरमेंटला आलेली, इथेच वाढलेली एक ब्लॅक बाई बसली होती. तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, त्या मुलीचं नाव काय होतं? मला येईना. कुठल्या रेकॉर्डवर ड्रमर कोण हे पाठ, आणि हे नाव नाही! "मेरी वूडसन," ती म्हणाली, डबा बंद केला आणि उठून गेली.

घरी येऊन वाचलं. २९ वर्षांची, न्यू जर्सीत नवरा, मुलं. त्याच रात्री त्याच घरात तिने ग्रीनच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, माहीत होतं, फक्त सांगताना मी ते एका वाक्यात उरकायचो कारण त्याने पंच पडायचा. नंतर एका रविवारी घरीच कण्या शिजवताना एक थेंब मनगटावर उडाला. पाणी निदान ओघळून जातं, हे चिकटून बसतं, पुसायला गेलो तर कातडी निघाली. एक थेंब!

बरं, तारखा तरी बघा. पोरवयात भावांबरोबर ग्रीन गॉस्पेलच, म्हणजे चर्चमधली देवाची गाणीच गायचा, जॅकी विल्सनसारख्या प्रेमगीतं गाणाऱ्याला ऐकतो म्हणून बापाने घराबाहेर काढलं होतं. म्हणजे गेला कुठे, परतच आला ना? १९७३ मध्येच, म्हणजे त्या रात्रीच्या आधी, कॅलिफोर्नियात शोनंतर हॉटेलात आपल्याला साक्षात्कार झाला असं तो स्वतः सांगतो. चर्च घेतलं १९७६ मध्ये. १९७७ चा 'द बेल अल्बम' विली मिचेल या आपल्या नेहमीच्या प्रोड्यूसरशिवाय केला, स्वतः गिटार धरून, आणि त्यात एका बाईला समजावतोय की तू हवी आहेस पण मला देव लागतो, आवाज मात्र अजून तिच्याकडेच ओढ घेतोय. मग १९७९ मध्ये सिनसिनाटीत स्टेजवरून पडला, तो इशारा मानला आणि त्यानंतर कुठे निव्वळ गॉस्पेल. आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी १९८० च्या एका गॉस्पेल अल्बमला मिळालं, 'लेट्स स्टे टुगेदर' या त्याच्या गाजलेल्या प्रेमगीताला नाही. पुढे जुनी गाणीही परत गायला लागला, मग आता काय म्हणायचं, बरा झाला?

तर एकट्या ग्रिट्सने नाही झालं. असं मी हल्ली ठणकावून सांगतो. सांगतो खरा, पण त्या रात्रीनंतर दोन वर्षांत माणूस पाद्री होतो, ते काय उगाच? आधीचा मी अगदीच मूर्ख नव्हतो.

त्याच्या चर्चला एकदा गेलोय, ग्रेसलँडपासून, म्हणजे एल्विसच्या त्या घरापासून जवळच आहे. त्या रविवारी तो होता. प्रवचन मध्येच तोडून गायला लागला, तोच वर चढत जाणारा बारीक आवाज, अंगावर काटा आला. बाजूच्या रांगेतले टुरिस्ट एकमेकांच्या कानात ग्रिट्स ग्रिट्स कुजबुजत होते, मला असला राग आला. तेवढ्यात तो क्वायरकडे, मागच्या गाणाऱ्यांकडे वळला, आणि गाणं संपेपर्यंत मी त्या झग्याआडच्या पाठीकडेच बघत होतो.