मेंदीला एक रात्र द्या

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी बेळगावातल्या शहापूरच्या घरी मी कट्ट्यावरच्या पातेल्याचं झाकण काढलं आणि आत्ती मागनं म्हणाली, "काय गे हे, शेणासारखं? असली मेंदी रंगतीय होय?"

मेंदी वरून तपकिरी पडली होती. चमच्यानं वरचा थर बाजूला केला तर आत हिरवीगार. तिला तेच दाखवलं. वरचं तपकिरी म्हणजे रंग सुटला. थोडीशी बोटावर घेऊन तिच्या तळव्याला टिकली लावली आणि दहा मिनिटांनी पुसली. खाली लख्ख केशरी ठिपका. आत्तीनं तो हात खिडकीपाशी नेऊन दोनदा बघितला आणि मग शेंगदाण्याच्या लाडवांकडे वळली.

नेदरलँड्समध्ये मला अकरा वर्षं झाली. आम्ही तिथं युट्रेख्त शहरात राहतो. यंदा मुलांच्या शाळेच्या सुट्टीत नेमकी पंचमी सापडली, म्हणून श्रावणात बेळगावला यायला मिळालं. बाहेर झिमझिम पाऊस, गल्लीत मागांचा खडखडाट, अंगणात पोरींचा झोका. आणि जी मेंदी मी लहानपणी याच घरात पाट्यावर वाटताना बघितली, ती भिजवायला परदेशात जाऊन शिकले. ते कसं झालं तेच लिहिते, कारण त्यातली एक गोष्ट बेळगावात सगळ्यांना कळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पाच वर्षांपूर्वी सुट्टीहून परत जाताना मी बाजारातनं डझनभर कोन नेले. 'दोन तासांत काळीभोर' असं दुकानदारानं सांगितलं होतं, आणि मला तेव्हा ते चांगलंच वाटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे सात-आठ मराठी कुटुंबं जमली. मैत्रिणीच्या नऊ वर्षांच्या लेकीनं दोन्ही हात पुढे केले. मी तिच्या मनगटापर्यंत वेल काढली, कोयऱ्या काढल्या. रंग खरोखर दोन तासांत काळा आला. सगळ्यांनी कौतुक केलं.

आठव्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. पोरीच्या हातावर वेल उठली होती, पण रंगाची नाही. मी काढलेल्या प्रत्येक रेषेवर पाण्यानं भरलेले फोड होते. पान न् पान ओळखू येत होतं. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी हात बघताच विचारलं, काळी मेंदी लावली होती का? त्यांच्याकडे असे पेशंट येतात, बहुतेक सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आलेली मुलं. त्यात पॅरा-फेनिलीनडायमिन असतं, पीपीडी म्हणतात ते. केस काळे करायच्या डायमध्ये हेच असतं. युरोपात केसांच्या रंगात ते मिसळल्यावर जास्तीत जास्त 2 टक्के चालतं, कातडीवर लावायला अजिबात परवानगी नाही. कोनात मात्र किती आहे हे कुणालाच माहीत नसतं. फोड बरे झाले, डाग कित्येक महिने राहिले. आणि एकदा शरीरानं ते ओळखून ठेवलं की ही अॅलर्जी सहसा जन्मभर राहते. ती पोर पुढे केस रंगवायला जाईल तेव्हा तिला जपावं लागेल, भूल द्यायच्या काही औषधांनाही तिचं अंग उठू शकतं. हे सगळं माझ्या हातनं झालं. मैत्रीण मला एका शब्दानं बोलली नाही, त्याचं ओझं जास्त आहे.

तेव्हापासून मी मेंदी शिकायला लागले. आमच्या घरापासून सायकलनं दहा मिनिटांवर लोंबोक नावाचा भाग आहे, तिथल्या कानालस्ट्राटवर तुर्की आणि मोरोक्कन दुकानं आहेत. एका दुकानातल्या मोरोक्कन बाईंनी मला पहिला धडा दिला: डबा उघड, वास घे. ताज्या पुडीला ओल्या गवतासारखा, वाळवलेल्या पाल्यासारखा वास येतो आणि रंग हिरवा असतो. तपकिरी पडलेली पूड म्हातारी. कुबट वासाची तर घेऊच नको. त्या स्वतः कोन वापरत नाहीत. सुई बोथट केलेल्या सिरिंजनं त्या चौकोन, त्रिकोण, ठिपके असं सरळ रेषांचं काम करतात. आपल्या वेलबुट्टीपेक्षा अगदी वेगळं, आणि फार सुंदर.

खालच्या मजल्यावरच्या तुर्की बाईंच्या लेकीच्या लग्नात मात्र मी गप्पच झाले. लग्नाआधीच्या रात्री त्यांच्यात मेंदीची रात्र असते. नवरीच्या डोक्यावर लाल ओढणी असते, आणि ती मूठ घट्ट मिटून बसते. सासूनं तळहातावर सोन्याचं नाणं ठेवलं की मगच मूठ उघडायची. मग तळव्याच्या मधोमध मेंदीचा गोळा ठेवतात आणि वरून लाल कापड बांधतात. नक्षी नाही, वेल नाही. फक्त गोळा. आमची आजी तेच करायची! तळव्यावर एक रुपयाएवढा चंद्र, बोटांना टोपणं, वरून फडकं, आणि झोपायचं. गादीला लागू नये म्हणून हात उशाला. चार-पाच हजार मैलांवरच्या एका घरात मला आजीचा हात दिसला.

आता प्रत्यक्ष भिजवण्याबद्दल, कारण वडगावच्या पुतणीनं खास विचारलंय.

पूड अंगावर लावायची वेगळी मागा. केसांची जाडसर असते, तिनं कोन तुंबतो, आणि केसांच्या पाकिटात इतर काही मिसळलेलं असू शकतं. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची पूड आपल्याकडे सगळीकडे मिळते. 2021 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. कितीही बारीक म्हणून दिली तरी एकदा वस्त्रगाळ करा. आत्तीनं जुन्या मलमलच्या तुकड्यातनं गाळली तेव्हा चमचाभर काड्या वर राहिल्याच. आणि घराच्या कुंपणाला जी मेंदी म्हणून लावतात ती पुष्कळदा कडू मेंदी असते, ती वाटून काही उपयोग नाही. खरं झाड वेगळं, काटेरी फांद्यांचं, बारीक सुगंधी फुलांचं. त्याच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, वजनाच्या जेमतेम एक-दीड टक्का. सगळा खेळ तेवढ्याचाच.

100 ग्रॅम पुडीला 30 ग्रॅम साखर कोरडीच मिसळायची. मग लिंबाचा रस थोडा थोडा घालत पिठल्याएवढं घट्ट करायचं. पानातला रंग बांधलेला असतो, आंबट ओलाव्यात तो सावकाश मोकळा होतो. साखर मेंदीला चिकट आणि ओली ठेवते, म्हणजे हातावर लगेच तडकून पडत नाही. मग 30 मिलीलीटर सुगंधी तेल. इथं चूक करू नका: रॉकेल नाही, पेट्रोल नाही, टर्पेंटाइन नाही. लव्हेंडर सगळ्यात सौम्य, मी तेच वापरते. नीलगिरीनं रंग चांगला येतो पण ती उग्र आहे, पोरांना आणि गरोदर बाईला लावायच्या मेंदीत मी घालत नाही. आजी चहाचं पाणी, काथ, चिंच सगळं घालायची. मी सगळं करून बघितलं, आणि माझ्या हातावर तरी लिंबू-साखरेपेक्षा जास्त फरक दिसला नाही.

आता प्लास्टिक थेट मेंदीला चिकटवून झाका आणि ठेवून द्या. किती वेळ ते हवेवर. युट्रेख्तच्या घरात हिवाळ्यात 18 अंश असतं, तिथं मला पुरा दिवस लागतो. घाई असेल तर पातेलं हीटरच्या शेजारी ठेवते. शहापूरला श्रावणात रात्रीत झालं. मे महिन्यात पाच-सहा तासांत होईल. घड्याळ बघू नका, तळव्याची टिकली बघा. रंग सुटल्यावर थोडा रस घालून सैल करा, चमच्यावरून तुटक न पडता दोरीसारखी खाली उतरली पाहिजे. मग नायलॉनच्या मोज्यातनं गाळून कोनात.

भिजवलेली मेंदी बाहेर ठेवली तर दोन-तीन दिवसांत मरते. रंगच देत नाही. फ्रीजरमध्ये मात्र महिनोन् महिने टिकते. आता तुम्हीच विचार करा: जो कोन दुकानाच्या दारात उन्हात सहा महिने टांगून ठेवतात आणि तरी रंगतो, त्यात रंग कशाचा? मला हे आधी सुचलं असतं तर ती संक्रांत तशी गेली नसती.

लावताना हात आधी साबणानं धुवा, तेल-क्रीम काही नको. कोनाचं टोक कातडीला टेकवायचं नाही. वरून धरायचं आणि धार पडू द्यायची. धार हाताच्या किंचित मागे लटकते, वळण घ्यायचं असेल तर आधी कोन वळतो, मग ती वळते. आत्तीच्या तळव्यावर मी तुळशीवृंदावन काढलं. तिच्या तळव्याला भाकरी थापून थापून जाड कातडी आली आहे, आणि मेंदी जाड कातडीवरच सगळ्यात गडद चढते. रंग कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात बसतो, म्हणून तळवे आणि पाय खुलतात, हाताची पाठ फिकी राहते, आणि ते थर झडले की दोनेक आठवड्यांत नक्षीही जाते.

रात्रभर ठेवा, किमान सहा तास. सुकत आली की लिंबू-साखरेचं पाणी कापसानं टिपा. लवंगेच्या धुरीनं हात गरम राहतात, आणि गरम हात रंगतो. सकाळी धुवायचं नाही. बोथट सुरीनं खरवडायचं, खोबरेल चोळायचं, आणि दिवसभर पाण्यात हात नाही. खरवडल्यावर केशरी दिसलं की शेजारची पोरगी रडवेली झाली. शेजारचं घर कन्नड, ते मदरंगी म्हणतात. तिच्या आईला मी सांगितलं, उद्या बघा. खऱ्या मेंदीचा रंग हवा लागून चढतो, पुरता तपकिरी व्हायला एक-दोन दिवस जातात. पहिल्या तासातच काळा झाला तर ती मेंदी नव्हे.

तान्ह्या बाळाच्या तळव्याला मात्र शकुन म्हणूनही लावू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी मेंदीनंसुद्धा फुटू शकतात, आणि हे बाहेरून कळत नाही. आत्तीनं हे ऐकलं आणि नातवासाठी वाटीत काढून ठेवलेली मेंदी मुकाट्यानं परत पातेल्यात टाकली.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी झोक्याची दोरी धरलेले सगळे हात एकाच रंगाचे होते, चिंचोक्यासारखे. निघताना मी बारा कोन भरून आत्तीच्या फ्रीजरमध्ये ठेवले. पुतणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. आदल्या रात्री बाहेर काढायचे, एकदा विरघळले की परत गोठवायचे नाहीत, एवढं सांगून आले.

परवा रात्री आत्तीचा फोन आला. गल्लीतली लाईट चार तास गेली होती. "पोरांनी आईस्क्रीमसाठी लई गोंधळ घातला गे," ती म्हणाली, "पण मी फ्रीजरचं दार उघडू दिलं नाही बघ कुणाला."