पन्हळीची साखळी: रोहिणी ते पुष्य, कामाची नोंद

जागा नाशिकची. बैठं घर, पुढे पडवी, पडवीवर रंगीत पत्रा. पत्रा 5 मीटर लांब आणि 3.6 मीटर रुंद, म्हणजे 18 चौरस मीटर. वळचणीला यूपीव्हीसीची (कडक प्लॅस्टिकची) अर्धगोल पन्हळ आहे. तिच्या पूर्वेकडच्या टोकाचा पाइप काढून तिथे तांब्याची साखळी सोडायची आणि पन्हळीचं पाणी तिच्यावरून खाली उतरवायचं, असं काम. जपानात देवळांच्या आणि चहाघरांच्या वळचणीला अशा साखळ्या असतात. तिकडे त्यांना कुसारी-दोई म्हणतात, म्हणजे शब्दशः साखळीची पन्हळ. दुकानात मात्र ‘पन्हळ’ म्हणूनच मागा. ‘गटर’ म्हटलंत की आधी ड्रेनेजचे पाइप दाखवतात.

रोहिणी: मापं आणि घडण

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ताशी 60 मिमीची सर धरली तर या पत्र्यावरून मिनिटाला 18 लिटर येणार. पुढची सगळी मापं या 18 लिटरवरून काढली.

नुसत्या कड्यांची साखळी रिमझिमीत छान दिसते, पण सर वाढली की पाणी कड्या सोडून बाजूला उडतं. म्हणून वाट्यांची साखळी घेतली. वाटीला घाट फुलपात्राचा: तोंड 90 मिमी, तळ 40, उंची 70. वाटीचा तांब्याचा पत्रा 22 गेजचा, म्हणजे साधारण 0.7 मिमी जाड. अशी एक वाटी शंभरेक ग्रॅम भरते. पन्हळीच्या तोंडापासून खालच्या दगडापर्यंत 2.55 मीटर अंतर आणि दोन वाट्यांमध्ये 150 मिमी, म्हणून वाट्या 17. जोडणीसाठी 10 गेजची तांब्याची तार 7 मीटर लागली. सगळं मिळून वजन सव्वादोन किलोच्या आत.

तयार फुलपात्रं भांडी बाजारात मिळतात, पण पातळ असतील तर साखळी झुलली की चेपतात. मठारलेलं काम घ्यावं. ठोके बसल्याने तांबं कडक होतं आणि पाणी ठोक्यांवरून पसरत उतरतं, ते दिसायलाही बरं. कल्हई करायची गरज नाही, ती खाण्याच्या भांड्यासाठी.

तळाला भोक पाडताना साधं ड्रिल तांब्यात अडकतं आणि वाटी हातातून फिरते. वाटीत लाकडाचा ठोकळा बसवा, स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं) हळू चालवा, थेंबभर खोबरेल तेल टाका. भोकाची कडा आतून घासून गुळगुळीत करणं अजिबात टाळू नका. एका बाजूला चुणी राहिली तरी धार तिकडे ओढली जाते आणि खालच्या वाटीच्या काठावर पडते.

तळापासून 10 मिमी वर वाटीत आडवी तार टाकली आणि तिची टोकं बाहेरून ठोकून चपटी केली. वरची कडी आणि खालची कडी, दोन्ही याच आडव्या तारेत. कडी लांबट, 150 मिमी. प्रत्येक कडीचा सांधा डाग देऊन, म्हणजे दुसरा धातू वितळवून, बंद करावा. नुसती वाकवलेली कडी आठ-पंधरा दिवसांच्या हेलकाव्यांनी उघडते. मऊ कथलाचा डाग इथे पुरत नाही, चांदीचा डाग लागतो.

मृग: पहिल्या सरीत काय बिघडलं

दोन गोष्टी बिघडल्या, आणि साखळी टांगण्याआधी बादलीने पाणी ओतून पाहिलं असतं तर दोन्ही तेव्हाच कळल्या असत्या.

पहिली चूक भोकाची. तळाचं भोक 20 मिमीचं ठेवलं होतं. वाटीत 6 सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तरी अशा भोकातून मिनिटाला जेमतेम 12 लिटर जातं. त्यापुढचं पाणी काठावरून ओसंडायला लागलं आणि पडवीभर शिंतोडे. भोक 32 मिमी केलं, आता हिशोबाने 31 लिटर जातं. आडव्या तारेची अडचण वजा करूनही 18 ला भरपूर झालं. 17 वाट्या काढून पुन्हा ड्रिल करण्यात आख्खा दिवस गेला.

दुसरी चूक पन्हळीच्या तोंडाची, आणि ही जास्त महत्त्वाची. पाइप काढला की 75 मिमीचं उघडं तोंड राहतं. पन्हळीला मीटरला 5 मिमी उतार आहे, म्हणजे एकूण 25 मिमी. त्या उतारावरून आलेलं पाणी तोंडातून सरळ खाली पडत नाही, पुढच्या अंगाला तिरकं निघतं. पहिल्या वाटीच्या पुढच्या काठावर ते आपटत होतं, आणि निम्मं तर वाटीत येतच नव्हतं. वरची वाटी चुकली की खालच्या सोळांना काही करता येत नाही.

आर्द्रा: दुरुस्ती

तोंडात 75 ते 50 चा रिड्यूसर (मोठ्या तोंडाला बारीक पाइप जोडणारा तुकडा) उलट बाजूने चिकटू नये म्हणून आधी सुका बसवून पाहिला. त्याखाली 50 मिमी पाइपचा 80 मिमी लांब तुकडा जोडला. तो पहिल्या वाटीत 25 मिमी आत उतरतो. तेवढ्या सरळ नळीत धार उभी होते. 50 मिमीच्या तोंडावर 25 मिमी पाणी चढलं तरी मिनिटाला साठेक लिटर जातं, त्यामुळे तोंड अरुंद झाल्याची भीती नको.

साखळी नळीतूनच खाली येते. वर पन्हळीत तोंडावर 6 मिमीची स्टेनलेस सळई आडवी टाकली, 180 मिमी लांब, दोन्ही टोकं जरा खाली वाकवलेली, म्हणजे घसरत नाही. भार पन्हळीच्या प्लॅस्टिकवर राहू नये म्हणून तोंडाच्या दोन्ही बाजूंना 150 मिमीवर जादा ब्रॅकेट मारले. 10 लिटरची भरलेली बादली सळईला रात्रभर टांगली, पन्हळ वाकली नाही.

पन्हळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची असेल तर तांबं तिला टेकवू नका. ओल्यात दोन धातू एकमेकांना लागले की जस्त खाल्लं जातं आणि मग पत्रा गंजतो. मध्ये स्टेनलेस सळई आणि तिच्यावर पीव्हीसीची नळी चढवावी. तांब्यावरून उतरलेलं पाणी जीआयच्या बादलीत किंवा अ‍ॅल्युमिनियमवर पडलं तरी तिथे खड्डे पडतात, हे लक्षात ठेवा.

पश्चिमेकडचा जुना पाइप तसाच ठेवलाय. त्याचं तोंड पन्हळीच्या तळापासून 40 मिमी वर उचललंय. पूर्वेचं तोंड तुंबलं तर पाणी तिकडून जाईल, भिंतीवर नाही.

पुनर्वसु: वारा आणि खालचा दगड

आपल्याकडे झड पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या बाजूने येते. त्यामुळे पूर्वेचा कोपरा आडोशाचा. तरी मोकळं टोक हेलकावून खांबावर आपटत होतं. साखळी खांबापासून 300 मिमी दूर हवी आणि खालचं टोक बांधलेलं हवं.

खाली जात्याचा वरचा दगड ठेवलाय, काळा, पंधरा किलोच्या आसपास. दाणे घालायचं मधलं भोक आयतंच मिळालं. शेवटच्या वाटीतून स्टेनलेस तार त्या भोकातून खाली नेली आणि दगडाखाली 10 मिमीच्या सळईला बांधली. दोनेक सेंटिमीटर ढील ठेवली. ताणून बांधलं की झटके वर पन्हळीला बसतात. दगडावर आपटून पाणी भोकातून आणि कडेने खाली जातं, आणि जातं फिरवायचा खुंटा काढून टाकल्यावर त्याच्या खाचेत थोडं साचतं. तिथे चिमण्या पाणी प्यायला येतात.

दगडाखाली 450 मिमी चौरस आणि 300 मिमी खोल खड्डा, त्यात 20 मिमीची खडी. तळातून 75 मिमीचा पाइप शंभरास एक उताराने शोषखड्ड्याकडे. शोषखड्डा भिंतीपासून 3 मीटर दूर. काळी माती पाणी हळू पिते, फुगते, सुकली की भेगाळते, म्हणून जोत्यालगत पाणी मुरवायचं नाही. शोषखड्डा 1 बाय 1 मीटर, खोली 1.2. विटांचे तुकडे आणि खडी भरली की 40 टक्के पोकळी उरते, म्हणजे 480 लिटर. 25 मिमी पावसाचं 450 लिटर त्यात मावतं, जास्त झालं तर वरून बागेत.

पुष्य: आजची स्थिती

मोठ्या सरीतही धार सतराव्या वाटीपर्यंत आत राहते. तांबं तपकिरी झालंय. हिरवा रंग यायला वर्षं लागतील. लिंबू-मिठाने घासू नये, उघडं पडलेलं तांबं जास्त झिजतं. पडवीच्या शहाबादीवर मात्र निळसर ओघळ दिसू लागलेत. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, त्यात हा डाग धरतो. त्या जागी काळी खडी पसरली. हे पाणी कमळाच्या किंवा माशांच्या टाकीत सोडू नये, तांबं माशांना मारक आहे.

कचऱ्याचा प्रश्न बाकी आहे. तोंडावर 6 मिमीच्या जाळीचा घुमट बसवला, पण कडुनिंबाची एक काडी आडवी अडकते आणि तिच्यामागे गुलमोहराच्या बारीक पानांचा थर बसतो. जी पानं सुटतात ती पहिल्या वाटीच्या आडव्या तारेवर जमतात. सध्या दर चार दिवसांनी शिडी लावून हात फिरवावा लागतो. जाळी आणखी बारीक केली तर लवकर तुंबेल. त्यापेक्षा तोंडाच्या अलीकडे फूटभर अंतरावर पन्हळीत 15 मिमी उंचीची आडवी पट्टी टाकून कचरा तिथेच अडवायचा विचार आहे. हस्ताच्या वादळी सरींआधी ती बसवून पाहायची.