तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रीनवरचं कॅलेंडर

"घड्याळावर क्लिक केलं की अख्खा महिना उघडतो, मोबाइल हाताशी असतो, मग हे कॅलेंडर स्क्रीनवर कायमचं कशाला?" माझ्या टेबलाशी येणारे बरेच जण विचारतात. आणि पाठोपाठ, "मला पण करून द्याल का?"

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराजवळ कॅलेंडर असायचं. गॅस कधी लावला, दूध कोणत्या दिवशी घेतलं नाही, सगळं आई त्या त्या चौकोनात पेन्सिलीने लिहायची. ते कॅलेंडर बघायला मुद्दाम कुणी जात नसे. येता-जाता नजर पडायची आणि संकष्टी परवावर आलीय हे कळायचं. उघडावं लागणाऱ्या कॅलेंडरचं तसं नाही, ते उघडायची आठवण आधी व्हावी लागते. मी भाषांतराचं काम करतो, दिवसाचे आठ-नऊ तास या स्क्रीनसमोर असतो. भिंत माझ्या पाठीमागे आहे.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. त्यावर कॉन्की नावाचा छोटा प्रोग्रॅम डेस्कटॉपवरच मजकूर लिहितो, खिडक्यांच्या मागे आणि वॉलपेपरच्या पुढे. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घातली की 'कॅल' ही जुनी कमांड दर तासाला चालते आणि उजव्या कोपऱ्यात चालू महिना दिसतो. फाँट मात्र सगळ्या अक्षरांना सारखी रुंदी देणारा हवा, नाहीतर वारांखालचे आकडे सरकतात. इथवर दहा मिनिटांचं काम.

खरा वेळ गेला तो मराठीत. कॉन्कीत 'तिथी' लिहिलं की पहिली वेलांटी 'त'च्या आधी न येता नंतर जाऊन पडायची, जोडाक्षरं सुटायची. आपली लिपी तुटलेली दिवसभर डोळ्यांसमोर ठेवणं मला जमणारं नव्हतं. म्हणून मराठी मजकुराचं आधी चित्र बनवायचं, तेही पँगो या अक्षरं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, कारण ते देवनागरी नीट जुळवतं, आणि कॉन्कीने फक्त ते चित्र दाखवायचं, असा मार्ग काढला.

तिथ्या मी तयार फाइलीतून घेत नाही. उत्तरेकडची कॅलेंडरं पौर्णिमान्त असतात, म्हणजे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्यासारखा अमावास्येला नाही; तिथे श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. शिवाय तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जायला लागणारा वेळ. तो कधी १९ तासांचा, कधी २६ तासांचा. दिवसाची तिथी ठरते ती सूर्योदयाला असेल ती. म्हणून माझ्या स्क्रीनवर तारीख मध्यरात्री बदलते आणि तिथी सूर्योदयाला. हे एवढं साधल्यावर मला फार आनंद झाला होता. दर वर्षी डिसेंबरात एका संध्याकाळी छापील कॅलेंडर मांडीवर घेऊन एकादश्या, संकष्ट्या, चंद्रोदयाच्या वेळा एका साध्या फाइलीत टाइप करतो. त्याच फाइलीत 'वीजबिल', 'मसुदा पाठवणे' अशा ओळीही असतात, आईच्या पेन्सिलीसारख्या.

विंडोजवाल्यांसाठी रेनलेंडर हा डेस्कटॉपवर कॅलेंडर दाखवणारा प्रोग्रॅम आहे, फुकट आवृत्ती पुरते. २००७च्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनेच डेस्कटॉपवर कॅलेंडर आणि असे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे गॅजेट्स, दिले होते, पण ती गॅजेट्स सुरक्षेला धोकादायक ठरली आणि २०१२मध्ये कंपनीने ती बंद केली. जुनी गॅजेट्स कुठून शोधून घालू नका. मॅकवर २०२३च्या सोनोमा आवृत्तीपासून कॅलेंडरचं विजेट, म्हणजे छोटी चौकट, थेट डेस्कटॉपवर ठेवता येतं.

करून देईन, आनंदाने. येताना तुमचं छापील कॅलेंडर आणा आणि गाव सांगा. नागपुरात चंद्र मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उगवतो, आणि संकष्टीचा उपास तेव्हाच सुटतो.