तुम्ही विचारलंत म्हणून: लेण्यातल्या बायकांना ब्लाउज का नाही?

मी बँकेत नोकरी करते आणि जमेल त्या रविवारी ओळखीतल्या दहा-बारा जणांना घेऊन लेणी बघायला जाते. बहुतेक वेळा कार्ले नाहीतर भाजे, कारण मळवलीपर्यंत लोकलने जाता येतं. कार्ल्याच्या चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या लेण्याच्या, व्हरांड्यात ती मोठाली दांपत्यं कोरलीयेत ना, तिथं पोचलं की आधी सगळ्यांचे फोटो, मग जरा शांतता, आणि मग एखाद्या काकू माझ्या जवळ सरकून हळूच विचारतात, "अगं, या बायकांनी वर काहीच घातलं नाहीये, त्या काळी खरंच अशा हिंडायच्या का गं?" काका मंडळी तोच प्रश्न जरा भारदस्त करून टाकतात, "म्हणजे शिवणकाम तेव्हा माहीत नव्हतं, असं ना?" आणि एखादा कॉलेजचा मुलगा तेवढ्यात मोबाइलमध्ये बघून सांगून मोकळा होतो की ब्लाउज इंग्रजांनी आणला. दर ट्रिपला हेच. तर एकदा नीट लिहूनच ठेवते.

आधी त्या पोराचं बघू. आपण घालतो तो परकर-ब्लाउजचा जोड १९व्या शतकात रूढ झाला, त्यात रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांचं नाव घेतात, त्या मुंबईत राहून गेलेल्या आणि इथल्या पारशी बायकांचं बघून त्यांनी साडीची ती पद्धत उचलली, हे सगळं बरोबर. पण त्याआधी काही नव्हतंच असं कुणी म्हटलं की मी गाथासप्तशती काढते. सातवाहन राजा हालाच्या नावावरचा हा संग्रह, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातला, आणि त्यात एका बाईने निळा कंचुक, म्हणजे चोळी, घातलाय आणि त्यात न मावणारी तिची छाती म्हणजे पाण्याने भरलेल्या ढगाआडून जरासा वर आलेला चंद्र, अशी एक गाथाच आहे. मूळ शब्द 'कंचुअ', म्हणजे आपल्या काचोळीच्याच घरातला. (काका शेजारी उभे असले की हा संदर्भ मी जरा आवरता घेते.)

म्हणजे शिवता येत होतं. मग राण्या-बिण्या अशा उघड्या का? याचं उत्तर मला मिळालं ते अजिंठ्यात, एक नंबरच्या लेण्यात. तिथं कोण शिवलेलं घालतंय ते फक्त मोजत जा. महाजनक जातकाच्या, म्हणजे बुद्धांच्या एका पूर्वजन्माच्या गोष्टीच्या, चित्रातली नाचणारी बाई, तिच्या अंगात लांब बाह्यांचा अंगरखा. छतावर ते परदेशी लोक, डोक्याला टोप्या, पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. इतरत्र दासी, शिपाई. आणि ज्याच्यासाठी हा नाच चाललाय तो राजा? डोक्यावर मुकुट, गळ्यात मोती, कमरेला धोतरासारखं काहीतरी, बाकी अंग उघडं. चित्रं साधारण पाचव्या शतकातली, तेव्हाच्या वाकाटक राजांकडे शिंप्यांचा तुटवडा होता असं थोडंच आहे. शिवलेला कपडा हा ज्याला काम करायचंय त्याचा कपडा होता, निदान चित्रकाराच्या डोळ्यासमोर तरी. विचित्र वाटतं ना, पण आपल्याकडचं लग्न आठवा. वाढपी मुलं जाकीट चढवून बो लावून उभी असतात आणि ज्यांचं कार्य आहे ते मुलीचे वडील होमासमोर उघड्या अंगाने, सोवळं नेसून आणि उपरणं घेऊन. तिथं आपण कुणी विचारतो का की यांना शर्ट परवडत नाही का म्हणून?

आणि गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी ही लेणी खोदली त्या भिक्षूंची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, तर शिवलेलीच असायची, तुकडे जोडून. भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, कथा आहे, बुद्धांनी मगधातली भाताची खाचरं दाखवून आपल्या शिष्याला, आनंदाला, विचारलं, बांधांनी पाडलेत तसे चौकोन घालून चीवर करता येईल का, आणि आनंदाने तसं करून दाखवलं.

कापडच महाग असेल, असं एकांनी सुचवलं होतं. कापड कमी नव्हतं. पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी लिहितो की तगरहून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोच बंदराला जाते. नाशिकला तर माझ्या धंद्यातलाच पुरावा आहे. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, २,००० एका श्रेणीत महिना १ टक्क्याने आणि १,००० दुसरीत पाऊण टक्क्याने, आणि मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या २,००० च्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना कपड्यासाठी माणशी १२ कार्षापण. आता करा हिशोब: महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २० बरोबर १२. एक कार्षापण इकडेतिकडे नाही! पहिल्यांदा तिथं उभी राहून हे तोंडी करून बघितलं तेव्हा मला अक्षरशः टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि ठेव कुणाकडे, तर कापड विणणाऱ्यांकडेच.

तर कार्ल्याच्या त्या बायका. त्या उघड्या आहेत असं म्हणणाऱ्यांनी जरा कमरेकडे बघावं. मेखला आहे, तिच्याखाली कायबंधाची, म्हणजे कमरेला बांधायच्या कापडी पट्ट्याची, गाठ, त्या गाठीचे सोगे खाली लोंबताहेत. नेसूचं कापड इतकं झिरझिरीत दाखवलंय की ते आहे हे त्या गाठीवरूनच कळतं. मला ती गाठ बरीच वर्षं नुसती नक्षी वाटायची. मग एकदा घरी पाच मीटर मलमल आणून लेगिंगवरून अंतरीय, म्हणजे ते कमरेखालचं नेसूचं, नेसून बघितलं, खालच्या मजल्यावर मैत्रिणीला दाखवायला म्हणून निघाले आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर सगळं घोट्याशी. दुसऱ्यांदा वरून एक जुनी ओढणी कायबंधासारखी करकचून बांधली, मग दिवसभर हललं नाही, कुकर लावला, भांडी घासली तरी. पिन नाही, नाडी नाही, सगळा भार त्या एका गाठीवर. (मागे खोचलेला कासोटा दिसला की "बघा, नऊवारी!" असं लोक लगेच म्हणतात. नऊवारी एक सलग लुगडं असतं, पदरासकट. इथं खालचं वेगळं आणि वरचं उत्तरीय वेगळं, ते घ्या नाहीतर नका घेऊ.)

राहिलं काकूंचं, अशा हिंडायच्या का. काकू, ही शिल्पं म्हणजे रस्त्यावर काढलेला फोटो नाही. चैत्याच्या दारात कोरायची जोडपी शुभ, भरलेली, दागिन्यांनी मढलेलीच कोरणार, घाईत बाजाराला निघालेली बाई तिथं कोण कोरतंय. तिला शोधायचं तर मी त्या निळ्या कंचुकवालीच्या जवळपास शोधेन. शिवाय आपण बघतो तो नुसता दगड. अजिंठ्याला काही मूर्तींवर जुना रंग अजून टिकून आहे, रंगात कापडाची कड, बुट्टे सगळं दाखवता येतं, रंग गेला की कापडही जातं.

एवढं सगळं मी व्हरांड्यात उभी राहून सांगते, काकू मान डोलावत ऐकतात, मग परत त्या मूर्तीच्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, "ते सगळं ठीक आहे गं, पण एवढाले वाळे घालून रात्री झोपायच्या कशा?"