तळेगावच्या पटात बायकांचा दिवस

तळेगाव दशासरला जायचं तर रेल्वेने धामणगावला उतरायचं आणि पुढे एसटी, नाहीतर काळीपिवळी. पुलगाव सोडलं की गाडी वर्धा नदी ओलांडते आणि अमरावती जिल्हा लागतो. जानेवारीत खिडकीची जागा सोडू नये. कापणीला आलेली तूर, हरभऱ्याचे हिरवे तुकडे, आणि धामणगाव जवळ आलं की जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या.

मी निघाले होते शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, त्यातही बायका जोडी हाकतात त्या पटाला. हलक्या छकडीला जुंपलेली जोडी, सरळ धावपट्टी आणि सेकंदाचे अपूर्णांक मोजणारं घड्याळ. वळण नाही, फेरी नाही. बोलता बोलता मान वळवलीत तर शर्यत चुकली म्हणून समजा. तळेगावचा पट कृषक सुधार मंडळ भरवतं, आणि त्याचं नाव दूरवर झालं त्यात बायकांच्या शर्यतीचा वाटा मोठा आहे.

डोक्यात मात्र गोल्फ होतं. बायकांच्या स्पर्धा कशा सुरू झाल्या याच्या मागे मी सध्या लागले आहे, आणि गोल्फची गोष्ट या बैलांच्या मैदानात सारखी आठवत राहिली. स्कॉटलंडमधल्या मसलबराच्या क्लबाने डिसेंबर 1810 मध्ये ठराव केला की येत्या जानेवारीच्या खेळात जी बाई सर्वांत चांगली खेळेल तिला मासळीची नवी टोपली आणि शाल द्यायची. शिवाय बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल. निरोप गेला गावच्या कोळणींना. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. या कोळणी पाठीवर टोपली घेऊन एडिनबरोपर्यंत मासळी विकायला जायच्या.

पुढे हा खेळ बड्या घरच्या बायकांकडे गेला आणि नियमच नियम आले. सेंट अँड्र्यूजला 1867 मध्ये बायकांचा वेगळा क्लब निघाला, तिथे फक्त पटर वापरायचा, म्हणजे चेंडू हळूच ढकलायचा. 1890 मध्ये लॉर्ड मॉन्क्रीफ यांनी लिहिलं की बायकांनी 70-80 यार्डांपलीकडे चेंडू मारू नये. ताकद नाही म्हणून नव्हे, तर त्यासाठी काठी खांद्याच्या वर न्यावी लागते आणि ते शोभत नाही. कोळणींच्या खांद्याची काळजी कुणाला पडली नव्हती. तीनच वर्षांनी, 1893 मध्ये, बायकांनी स्वतःची लेडीज गोल्फ युनियन काढली, सेंट ॲन्सला पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरवली आणि लेडी मार्गारेट स्कॉटने ती सलग तीन वर्षं जिंकली. खांद्याच्या वर काठी नेऊन.

असो. मैदानावर धूळ इतकी की ओढणी नाकावरून खाली घेता येत नव्हती. सुरुवातीच्या रेषेवर चार-पाच माणसं जोडीची वेसण धरून उभी, बैल पाय आपटताहेत, आणि छकडीवर एक विशीतली पोरगी, ट्रॅकसूट घातलेली. डाव्या हातात कासरा, उजव्या हातात बैलाची शेपटी. माणसं बाजूला झाली. ती ओरडली, पण ऐकू आली फक्त चाकं. पलीकडच्या टोकाला लोक बैल अडवायला धावले तेव्हा ती उभीच होती, पाय फाकवून, वेणी सुटलेली. लाऊडस्पीकरवाला वेळ सांगायच्या आधी गावाचं नाव दोनदा ओरडला.

माझ्या शेजारी लुगड्याचा काष्टा मारून एक मावशी बसल्या होत्या. त्यांची स्वतःची शर्यत होऊन गेली होती.

"मावशी, भीती नाही वाटत?"

"भेव कायचं वं माय? डवरा हाकलला, बंडी हाकलली, तूर वाहून आणली. हे त खाली छकडी हाय."

मध्ये काही वर्षं हे सगळं बंद होतं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने 2017 मध्ये शर्यतींना मुभा देणारा कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता काठी, चाबूक, विजेचा धक्का, सगळ्याला मनाई आहे. बंदी आली तेव्हा शाळेत असलेल्या मुली पट सुरू होईस्तोवर लेकुरवाळ्या झाल्या. धुरकरी, म्हणजे छकडी हाकणारी, होण्याची त्यांची वर्षं तशीच गेली, याची नोंद निकालपत्रात कुठून असणार? आणि बंदी मागणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असंही मला वाटत नाही. शर्यत संपल्यावर बैलाची बरगडी ज्या वेगाने वरखाली होते ते जवळून पाहिलं की टाळ्या जरा मंदावतात.

दुपारी आम्ही दोघी आलुबोंडा-तर्री खायला बसलो. तर्री झणझणीत, बोंडा गार. जत्रेत याहून जास्त मागू नये. खाता खाता मी मावशींना मसलबराच्या कोळणींची गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"टोपली काहून देल्ली? मासोळ्या वाहाले?"

"हो, त्याच कामाची."

"म्हंजे जितली तरी कामच." बोटाला लागलेली तर्री चाटत त्या म्हणाल्या, "पैसे नाई देल्ले?"

मी म्हटलं, ठरावात टोपली, शाल आणि रुमालच आहेत.

"मंग पुढच्या साली खेळल्या नसतीन त्या," मावशी म्हणाल्या आणि उठल्या. पुतणीची जोडी पुकारली होती, आणि डावा बैल म्हणे त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही.