लेकीचं घेत न्हाई

दर महिन्याला पगाराची स्लिप आली की मी आधी एकच ओळ बघते. पेन्शन विमा, ९.३ टक्के. तेवढेच कंपनी भरते, म्हणजे एकूण १८.६. जर्मनीत डॉर्टमुंडला आले तेव्हा वाटलं होतं, हे आपल्या पीएफसारखं कुठंतरी साठत असणार. तसं काही नाही. या महिन्यात कापलेले पैसे बहुतेक याच महिन्यात कुणातरी म्हाताऱ्याच्या खात्यावर जातात. माझ्या म्हातारपणी तेव्हाची पोरं भरतील, हा भरवसा. इथल्या जुन्या चॅन्सलर बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली कायदा झाला तेव्हा पेन्शन सत्तरीला मिळायची, आणि तिथवर पोचायचेच थोडे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एका पेन्शनरामागे सहा कमावते होते, आता जेमतेम दोन. आमच्यासारख्यांना व्हिसा का मिळतात, ते यावरून समजून घ्या.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. बेकरीत चाळीस वर्षं काम केलेलं. कुणास ठाऊक, माझेच पैसे त्यांच्याकडे जात असतील! नातू आला की आजी त्याच्या हातात पाकीट ठेवतात. मागे त्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सला त्यांनीच हातभार लावला. इथल्या अभ्यासकांनाही हेच दिसलंय: सरकारी वाटेनं पैसा तरुणांकडून म्हाताऱ्यांकडे जातो, आणि घरातल्या वाटेनं म्हाताऱ्यांकडून खाली येतो. आजींना लेकापुढे हात पसरावा लागत नाही, आणि नातवाला द्यायला हातात चार पैसे असतात. त्यांचा घरातला रुबाब बघण्यासारखा आहे.

आमचे आबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले. पीएफवाल्यांच्या ईपीएस-९५ योजनेची पेन्शन २,१४० रुपये. यात किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासून तेवढीच. साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागणाऱ्या मोर्चांना आबा जाऊन येतात, मग कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर बसून सरकारला शिव्या घालतात. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी याच माणसानं पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. कर्ज फिटलं आणि पगारही थांबला.

साहजिकच मी म्हटलं, दर महिन्याला पाठवते. तर म्हणाले, "लेकीचं घेत न्हाई."

दादाचे चालतात. दादा फुलेवाडीतच राहतो, त्याचीच ओढाताण चाललेली असते, पण तो देतो आणि हे घेतात. घरातला हिशेब असा आहे की पोराला जमीन, म्हणून पोरानं सांभाळायचं. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला बरोबरीचा वाटा दिला, हे आबांना तोंडपाठ आहे. तरीही आजोबा गेल्यावर माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, आणि त्या बदल्यात दिवाळीला त्यांचं माहेर शाबूत राहिलं. उद्या माझी पाळी. म्हणजे वाटाही नको आणि जबाबदारीही नको, असा हा मान! खरं तर आई-वडिलांच्या सांभाळाच्या २००७च्या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघंही येतात. महिन्याला कमाल दहा हजारांपर्यंत पोटगी लावता येते. पण मी म्हणते, कोर्टात ओढायला लेक नालायक निघावी लागते. देणारी उभी असताना न घेणाऱ्याला कुठला कायदा लागू होतो?

इथं २०२० पासून वर्षाला एक लाख युरोपेक्षा जास्त कमावणाऱ्या मुलांकडेच सरकार आई-बापाच्या देखभालीचा खर्च मागतं. मुलगा की मुलगी, लग्न झालंय की नाही, कुणी विचारत नाही. विचारतात ते वेगळंच. मला मूल नाही म्हणून देखभाल विम्यात माझ्याकडून ०.६ टक्के जास्त घेतात. महाद्वार रोडवर भेटणाऱ्या मावश्या "गोड बातमी कधी?" विचारून गप्प बसतात, हे दर महिन्याला स्लिपवर छापतात.

परवा फोनवर आबांना हे सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या म्हातारीला तुझं पैसं चालत्यात?"

"विचारतंय कोण आबा, कापूनच घेतात."

"मग बरं हाय की तिचं."

फोन आईकडे गेला. चपला घातल्याचा आवाज आला, दार लागलं. मग आई हळू आवाजात म्हणाली, "माझ्या खात्यावर टाक. त्यांना सांगू नको."