बीपीला कुठला राग?

गाण्याने, आवाजाने तब्येतीला खरंच फरक पडतो का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर मी हल्ली गप्पच बसते. पार्ल्यात गाण्याचा क्लास घेते हे कळलं की हळदीकुंकवापासून रिक्षाच्या रांगेपर्यंत कोणीतरी गाठतंच, "बाई, बीपीला कुठला राग चांगला?" मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या आईने ॲसिडिटीसाठी विचारलं. रात्री अकराला मिसळ खाऊ नका, एवढंच मला सुचलं.

ऐकल्यावर ॲसिडिटी जाईल असा राग माझ्या गुरूंनी मला शिकवलेला नाही. बीपीची गोळी तर गाण्याच्या भरवशावर कोणीही सोडू नये. पण आवाजाने बरं वाटतं, हे मी कुठल्या तोंडाने नाकारू? मी स्वतःच त्याच्यावर झोपते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. कुकरची नव्हे. जुना टीव्ही चालू असला की शेजारच्या खोलीतही जाणवायची ना, तशी बारीक, न थांबणारी. दिवसा क्लासमध्ये तिचा पत्ता नसायचा, रात्री दिवा मालवला की हजर. मी घाबरून खिडक्या घट्ट लावायचे, पंखासुद्धा बंद. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, थोडं ऐकू कमी येतंय म्हणाले, आणि वर म्हणाले की तुम्ही नेमकं उलटं करताय. खोली चिडीचूप असली की मेंदू त्या शिट्टीलाच कान लावून बसतो. थोडा आवाज असू द्या. शिट्टी बुडवून टाकेल इतका मोठा नको, तिच्यात मिसळेल इतकाच. तेव्हापासून उशाशी मोबाइलवरचा तंबोरा असतो, काळी चार पट्टीतला, अगदी बारीक. शिट्टी गेलेली नाही. झोप मात्र लागते.

दुसरं म्हणजे श्वास. माझे वडील बोरिवलीहून चर्चगेटला जायचे, तेही ठरलेल्या गाडीच्या भजनी डब्यातच. टाळ कोणाच्या तरी पिशवीत असायचे, मृदंगाचं काम डब्याचा पत्रा करायचा. "साहेबाची बोलणी खायच्या आधी छाती मोकळी करून घेतो," म्हणायचे. यात चमत्कार काही नाही. अभंगाची ओळ लांब ओढायची तर श्वास सावकाश सोडावा लागतो, आणि श्वास घेताना किंचित वाढलेली नाडी सोडताना मंदावते. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुं' म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, तर दोन्हीकडे ते मिनिटाला ६ च्या आसपास आले. एरवी स्वस्थ बसलो तरी आपण १२ ते २० घेतो. म्हणून मी विचारणाऱ्यांना म्हणते, ऐकू नका, गा. बेसूर चालेल.

आता राग कुठला, तर तुम्हाला आवडतो तो. ऑपरेशनआधी गाणी ऐकवली की धास्ती कमी होते, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. पण माझ्या नणंदेला अँजिओग्राफीच्या आधी जिथे बसवलं होतं तिथे तास झाला तरी तेच ते संतूर चालू होतं, आणि तिला लिफ्टमध्ये अडकल्यासारखं वाटत होतं. शेवटी मी तिच्या कानात लावणी लावून दिली. पायाची बोटं हलायला लागली तिची.

इअरफोनचं तेवढं सांभाळा. लोकलच्या खडखडाटावर मात करायला लोक आवाज चढवत नेतात. ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास, याच्या पुढे कानाला धोका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गेलेलं ऐकणं रियाजाने परत येत नाही.

आणि नको असलेल्या आवाजाचं काय, ते विचारायचं राहिलंच तुमचं. आमच्या शेजारची इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. काँक्रीट फोडायचा ब्रेकर सुरू झाला की मला समोर बसलेल्या मुलीचा सा ऐकू येत नाही. तक्रार केली, "उद्यापासून बघतो" हे उत्तर चौथ्यांदा मिळालं. त्या दिवसांत माझं डोकं दुपारीच धरतं आणि कुठल्याही रागाने उतरत नाही.

संध्याकाळी सहाला ब्रेकर थांबतो. जरा वेळाने कावळे ऐकू येतात, मग खालच्या मजल्यावरची फोडणी, आणि त्यामागून माझी शिट्टी. मी पंखा दोनवर करते आणि पुढच्या बॅचला दार उघडते.